तीन चुलींची गारगोटी

१८ जानेवारी, गुरुवार

आज एक काम कबूल करून बसलो आणि तेव्हापासून पस्तावतोय.

गेल्या आठवड्यात वैरागच्या बाजारात चादर अंथरून माझे दगड मांडले होते. गारगोटीची पदकं, बोटभर उंचीचे नंदी, असंच किडुकमिडुक. एक धनगर म्हातारी समोर उकिडवी बसली आणि बराच वेळ एका नंदीच्या शिंगांवरून बोट फिरवत राहिली. "ह्ये वाकडं कसं कापलं वो?" मी मशीनचं सांगितलं. चाकांवरून फिरणारी पातळ पोलादी पट्टी, तिच्या कडेला हिऱ्याची पूड, खाली पाण्याचा ट्रे. चकतीची मशीन सरळच कापते, ही वळते. दगड तेवढा हातानं हळूहळू पुढं सरकवायचा.

आज ती बाई पत्ता विचारत विचारत अक्कलकोट रोडला घरी हजर. नाव म्हाळसाबाई. गाव माळशिरसकडं, पण सध्या मेंढरांचा तळ वैरागच्या बाहेर पडलाय. ती माझ्या अगदी समोर बसली, कमरेची पिशवी सोडली आणि मुठीएवढी तांबूस गारगोटी काढली.

"माज्या सासऱ्याच्या बापाची चकमक हाय. आमच्या घरात मेंढरं वाटली की ह्येबी वाटायचं. ज्येची चूल त्येच्याच तुकड्यानं पेटली, तरच वाटणी खरी. मागल्या बारीला हातोड्यानं फोडली, तर निम्मा भुगाच झाला. आता ऱ्हायलीय ती एवढीच."

तिला तीन लेकरं. थोरला सिदू, मधली सोनम, धाकटा जोतिराम. सोनमला नवऱ्यानं टाकलं, चार वर्षं झाली. तेव्हापासून ती आईबरोबर स्वतः मेंढरं राखते. म्हाळसाबाईंनी बोट तोंडात ओलं करून दगडावर दोन रेघा ओढल्या आणि माझ्यासमोर तीन बोटं धरली. ओल वाळायच्या आत मी ॲल्युमिनियमच्या तारेनं त्या रेघा गिरवून घेतल्या. पेनची शाई मशीनच्या पाण्यात टिकत नाही.

४ फेब्रुवारीला, रविवारी वाटणी. दगड एकच, चुकला तर दुसरा आणणार कुठून? नाही म्हणायला हवं होतं. ती गेल्यावर सुचलं.

तेहेतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. बिघडलेले माग लावून द्यायचे आणि कुठल्या मागाला काय झालं ते वहीत टिपायचं. कारखाना बंद पडला तरी वहीची खोड काही गेली नाही. आता मशीनचं लिहितो, आणि बरोबर स्वतःची काळजीही.

२० जानेवारी, शनिवार

त्याच जातीची एक गारगोटी माझ्या ढिगात सापडली. तिच्यावर सराव करायला बसलो. अर्धा इंच कापून झालं आणि फाडकन् पट्टी तुटली. पाण्याचा फवारा तोंडावर. हात शाबूत आहेत, एवढंच नशीब.

बायको, ईरम्मा, स्वयंपाकघरातून धावत आली आणि पहिलं काय म्हणावं? "दहा मिनिटं टक्‌टक् वाजतीय ती! कवाधरनं वरडतीय मी!"

पट्टीचा सांधा उकलायला लागला की ती प्रत्येक फेरीला टक्‌ करते, हे मलाही माहीत आहे. पण आज ती वाजली नाही. वाजली असती तर मला कळलं नसतं का? अठ्ठेचाळीस मागांच्या शेडमध्ये कुठल्या मागाचा धोटा अडलाय ते मी दारातून सांगायचो. ईरम्माला भास झाला असेल. आणि ओरडत होती म्हणे. ओरडत होतीस तर जवळ येऊन सांगायचं की.

शेजारची नागम्माही तक्रार घेऊन आली. तुमच्या मशीनच्या किंकाळीनं नात झोपत नाही म्हणाली. मला तर ही मशीन फारच शांत वाटते. घेतली ती त्यासाठीच.

नवी पट्टी चढवली. आता एकच शिल्लक आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

नळाला पाणी चार दिवसांनी आलं, तेही तासभर. मशीनचं पाणी बदलता आलं नाही. जुनंच बादलीत निवळून ठेवलंय, दुधासारखं दिसतं. गढूळ पाण्यानं पट्टी तापते, तापली की सांधा जातो. म्हाळसाबाईंचा दगड देव्हाऱ्यासमोर ठेवलाय. ईरम्मा म्हणाली, तिथं ठेवून काय होणार, कापायला घ्या. बोलायला सोपं आहे.

२५ जानेवारी, गुरुवार

सिदू आला होता. म्हाळसाबाईंचा थोरला.

मी मशीनवर सरावाचा दुसरा दगड लावला होता. मान वर केली तर समोर उंच माणूस, मोटारसायकलवरून आलेला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला तसाच. त्यानं नाव सांगितलं असणार. मी ओळखलं ते त्याच्या हातातल्या घुंगराच्या काठीवरून. तो वाकून बरंच काही बोलला. देव्हाऱ्यासमोरच्या दगडाकडं दोनदा हात केला. मी "व्हय व्हय, करतो की" म्हणालो, मान डोलावली. दगड कापताना मधेच हात काढता येत नाही, नाहीतर चहाला तरी बसवलं असतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला दाबला आणि खूश होऊन गेला. भला माणूस दिसतो. एवढ्या लांबून आईच्या कामाची चौकशी करायला आला.

ईरम्मा कापडं वाळत घालून आली. "काय म्हणाला?"

"काही नाही. नीट करा म्हणाला."

"एवढा वेळ?"

ही बाई उलटतपासणीच घेते. मी मशीन चालू केली.

२७ जानेवारी, शनिवार

आज भात करपला. ईरम्मा लिंगपूजेला बसताना म्हणे मला सांगून गेली होती की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरपासून चार हातांवर बसून पट्टी घासत होतो. एकही शिट्टी झाली नाही. कुकरची शिट्टी खराब झालीय, बदलायला हवी.

ती रागावली नाही, हेच मला खटकलं. समोर येऊन बसली, माझा चष्मा काढून खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, आपण एकदा डॉक्टरकडं जाऊन येऊ री." मी म्हटलं, दगड होऊ दे हातावेगळा, मग छातीचा ठोकाही तपासून घेऊ. हल्ली धडधड होतेच. तिनं हातानं काहीतरी खूण केली, मग सोडून दिलं.

हल्ली ती फार हातवारे करते. आमच्या शेडमध्ये सगळे तसेच बोलायचो, हातानं आणि ओठांनी, कारण मागांच्या खडखडाटात दुसरा उपायच नव्हता. पण घरात कशाला?

मला वाटतं मशीन विकावी असं तिच्या मनात आहे आणि बोलायला धीर होत नाही.

३० जानेवारी, मंगळवार

आज पहिला काप.

सकाळी विभूती लावून बसलो. पाणी स्वच्छ, पट्टी नवी, ताण बोटानं दाबून दाबून बघितला. तरी दगड हातात घेतला आणि परत खाली ठेवला. दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. दगडाच्या पोटात कुठं जुनी चीर असेल तर वरून दिसत नाही. पट्टी तिथं पोचली की दगड आपल्या मर्जीनं उकलतो आणि मग म्हाळसाबाईंच्या रेघा राहतात बाजूला.

ईरम्मा मेथीची जुडी घेऊन मशीनशेजारी येऊन बसली. पाण्याचे शिंतोडे उडतात म्हणून एरवी पडवीत पाऊल टाकत नाही. म्हटलं, आत बस. जागची हलली नाही. मेथी निवडायची आणि सारखं मशीनकडं बघायचं. माझ्यावर भरवसा नाही, दुसरं काय!

दगड दाबायचा नाही, नुसता टेकवून धरायचा, पट्टी आपली खाते. अर्ध्या तासात बोटाच्या पेराएवढं कापलं गेलं. दोन तासांनी ईरम्मानं एकाएकी माझ्या दंडाला धरलं आणि बोटानं माझ्या हातावर ठोके दिले. टक्, टक्, टक्, एकसारखे. मी मशीन बंद केली. भिंगातून पट्टी बघितली. सांध्याशी केसाएवढी चीर.

आणखी पाच मिनिटं चालली असती तर पट्टी दगडात तुटली असती. आणि दगड? मला लिहवत नाही.

हिला कसं कळलं? मी विचारलं. ती मेथी उचलून आत गेली. डोळे पुसत होती. शिंतोडे गेले असतील.

शेवटची पट्टी चढवली आणि एक हात मशीनच्या सांगाड्यावर ठेवून राहिलेला काप पूर्ण केला. मागही असेच हातानं बघायचो, बिघाड तळव्याला कळतो. एक तुकडा निघाला. अगदी रेघेवर.

३१ जानेवारी, बुधवार

दुसरा काप झाला. तीन तुकडे!

तिन्ही ओले करून उन्हात ठेवले. आतून दगड मधाच्या रंगाचा निघाला. मी इतका हरखलो की ईरम्माला हाका मारमारून बोलावलं. तीही हसली.

सिदू आणि जोतिरामचे तुकडे कापले तसेच ठेवले. सोनमच्या तुकड्याला मात्र घासायच्या चाकावर धरलं, सगळ्या कडा गोल केल्या आणि पॉलिश मारलं. कापलेली कड सुरीसारखी असते, पोरीचा हात कापायला नको. शिवाय तिच्या वाट्याला आजवर काय चांगलं आलंय? तिचा तुकडा तरी सगळ्यांत देखणा असू दे.

दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते मला सगळं लिहायचंय. मधलं कितीतरी मी ईरम्माला विचारून विचारून लिहितोय. का, ते पुढं येईलच.

दुपारी म्हाळसाबाई आणि सिदू दगड न्यायला आले. मी कापडावर तीन तुकडे मांडून ठेवले होते. म्हाळसाबाई उंबऱ्यातच थबकल्या. तुकड्यांकडं बघितलं, मग सिदूकडं.

"तू तर म्हनलास, तीन हुईत न्हाईत. मिस्त्रीनंच सांगितलं म्हनून. मी त्या पोरीला सांगून आले की, तुजा तुकडा न्हाय, तू भावाच्यात ऱ्हा म्हनून! दोन दिस ती जेवली न्हाय."

सिदूचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो माझ्यावर उसळला. "तुमी शबूद दिला हुता! मी म्हनलं, दोनच करा, आयला सांगा तीन बसत न्हाईत म्हनून. व्हय व्हय करतो म्हनला का न्हाय?"

हे मला समजलं. आज तोंडाला टॉवेल नव्हता.

मी म्हणालो, "मी असं काही बोललो नाही." माझ्या लेखी ते खरंच होतं. मी त्याच्याकडून असं काही ऐकलंच नव्हतं.

म्हाळसाबाई लेकाला म्हणाल्या, "भनीचा वाटा माराय निघालास, वर म्हाताऱ्या मानसावर आळ घेतुस?"

"आय, बिरोबाची आन! त्येंनी व्हय म्हनलं. ह्या खांद्यावर हात ठिवून आलो मी."

देवाचं नाव निघाल्यावर म्हातारी मटकन् खालीच बसली. लेकानं बहिणीशी लबाडी केली, हे तिनं एक वेळ गिळलं असतं. पण बिरोबाची खोटी शपथ? तिचा चेहरा मला बघवेना.

आणि मला तो गुरुवार आठवला. वाकलेला सिदू, हलणारा टॉवेल, माझी मान. व्हय व्हय, करतो की.

सिदू खरं बोलत होता. मी गप्प राहिलो असतो तर माझं काहीच बिघडलं नसतं. काम चोख झालं होतं, म्हातारी माझ्या बाजूनं होती. तो बाहेर गेला असता तो आईच्या नजरेतून कायमचा उतरून. मी ईरम्माकडं बघितलं. मी काय करणार, याचीच ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "तो खोटं बोलत नाही. मी व्हय म्हणालो. त्यानं काय विचारलं ते मला ऐकूच आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. आवाज किती मोठा निघाला कुणास ठाऊक.

मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. शेडमधून बाहेर पडलो तेव्हापासून माहीत होतं. कुकरची शिट्टी ठणठणीत आहे. पट्टी वाजत होती. नागम्माची नात खरंच झोपत नसणार. लोक बोलतात, मी ओठ बघतो, ओठ दिसले नाहीत की मान हलवतो, आणि लोक समाधानानं जातात. इतकी वर्षं निभावलं. मागांच्या नोंदी मी कधी खोट्या लिहिल्या नाहीत, पण या वहीत माझ्याबद्दल खोटंच लिहीत आलो. भीती एकच होती, बहिऱ्या माणसाच्या हाती कुणी मशीन देणार नाही आणि दगडही.

म्हाळसाबाईंनी तीन बोटं वर केली. "मंग माजं कसं कळलं?"

"तुम्ही समोर बसून बोललात. बोटानं रेघा काढल्यात."

तिनं बराच वेळ तुकड्यांवरून हात फिरवला. मग लेकाला म्हणाली (हे ईरम्मानं मला कानाशी लागून सांगितलं), "सिदू, ह्यांला ऐकू येत न्हाय. तुला येतंया की रं. मी तीन म्हनलं हुतं, ते तू ऐकलंस."

सिदू खाली मान घालून बाहेर जाऊन उभा राहिला. म्हाळसाबाईंनी तुकडे पदरात बांधले आणि जाताना माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आयतवारी दोगंबी या."

३ फेब्रुवारी, शनिवार

ईरम्मा विचारत होती, मला का नाही सांगितलं? म्हटलं, तुला माहीतच होतं की. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हाला माहीत हाय, हे माहीत नव्हतं." सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं जायचं ठरलं. मशीन विकायचं तिच्या मनातही नव्हतं.

उद्या जायला मन घेत नाही. सिदू माझं तोंड बघेल का? त्याला आईपुढं उघडा पाडला तो मीच, आणि वाचवायला गेलो तोही मीच. सोनमला काय वाटत असेल, देव जाणे.

४ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं वैरागला उतरलो. तळ गावाबाहेर, ज्वारी काढलेल्या रानात. मेंढरांचे तीन कळप तीन बाजूंना करून ठेवलेले, मध्ये तीन नव्या चुली. भावकीतले वीस-पंचवीस लोक होते. सोनमला मी पहिल्यांदा बघितलं. अंगानं बारकी, पण चालणं आईसारखं ताठ. तिनं मला वाकून नमस्कार केला.

आधी सिदू बसला. तुकड्यावर कापूस धरला, लोखंडाचा घाव घातला, दुसऱ्या घावाला ठिणगी कापसावर पडली. जोतिरामला चार घाव लागले. भंडारा उधळला.

मग सोनम. पहिला घाव. दुसरा. पाचवा. दहावा. लोखंड नुसतं घसरत होतं.

कडा! ठिणगी कडेवरून उडते, गुळगुळीत दगडावरून नाही, आणि तिच्या तुकड्याला मी एकही कड ठेवली नव्हती. सगळ्यांत देखणा तुकडा करायला गेलो आणि चकमकीचं पदक करून ठेवलं. दोघा भावांचे पेटले, हिचाच नाही. आता लोक काय म्हणणार? देवालाच हा वाटा मान्य नाही म्हणणार. दोन म्हातारे एकमेकांकडं बघून मान हलवायलाही लागले होते. जोतिराम आपल्या चुलीतला निखारा घेऊन निघाला, तर म्हाळसाबाईंनी हात आडवा केला. भावाच्या निखाऱ्यानं पेटली तर ती चूल भावाचीच.

मला उठून सांगायचं होतं, चूक माझी आहे.

तेवढ्यात सिदू उठून माझ्याकडं आला. धुरामुळं तोंडावर टॉवेल ओढलेला. शेजारी बसला आणि खाली बघत काहीतरी पुटपुटला. मी घाबरलो होतो आणि माझी मान हलायला लागलीही होती. मी ती आवरली.

म्हटलं, "ऐकू आलं नाही. टॉवेल काढ. मोठ्यानं सांग."

त्यानं सगळ्या माणसांकडं एकदा बघितलं. टॉवेल काढला. मग उठून उभा राहिला आणि ज्या आवाजानं रानभर पांगलेली मेंढरं माघारी बोलावतात, त्या आवाजात म्हणाला,

"माज्या भनीच्या दगडाला धार न्हाय! तिच्या चुलीसाठी कड काढून द्या!"

सगळ्या तळानं ऐकलं. सोनमनंही. तिचा घाव घालणारा हात थांबला आणि ती भावाकडं बघत राहिली. म्हाताऱ्यांच्या हलणाऱ्या माना थांबल्या.

मी तिच्याकडून तुकडा घेतला, रानातला एक काळा गोटा उचलला आणि कडेवर हलका घाव घातला. नखाएवढी खपली उडाली, तिथं धार निघाली. दगड परत दिला. कापूस धरायला सिदूच खाली बसला. सोनमच्या तिसऱ्या घावाला कापूस पेटला.